स्टेपनीवरचे चार आकडे

मुलुंड (पूर्व)
३ ऑगस्ट २०२५

श्री. गिल्बर्ट परेरा यांस,
नमस्कार.

अनंत गेल्यापासून तुम्ही मला पत्र लिहिलेलं नाही, मीही तुम्हाला लिहिलेलं नाही. त्याबद्दल आज बोलायचं नाही. काम आहे म्हणून लिहिते आहे. आधी फोन केला होता. तुम्ही अकरा वेळा 'हॅलो' म्हणालात आणि ठेवून दिलात. मी मोजत होते.

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. घरं मार्चमध्ये रिकामी करायची आहेत, पण मागची गॅरेजं आधी पाडणार. ती एकतीस डिसेंबरच्या आत मोकळी हवीत. आमच्या गॅरेजमध्ये काय उभं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. १९९१ साली माझ्या नवऱ्याने भंगारातून आणलेली ती दोन सीटांची हिरवी इंग्लिश स्पोर्ट्स कार तुम्ही दोघांनी तुमच्या मरोळच्या गॅरेजात सहा वर्षं खपून उभी केलीत. एक मेकॅनिक महिन्यातून एकदा येऊन इंजिन चालू करून जातो. इंजिन ठीक आहे. टायर नाहीत.

चेकनाक्याजवळचा टायरवाला बघून गेला. त्याने नखाने टायर टोकरला आणि म्हणाला, "मॅडम, हा टायर नाही, दगड आहे." मग मोबाइलवर रुंद, पांढऱ्या अक्षरांचे टायर दाखवले. "हे टाका, गाडी एकदम झकास दिसेल." मला झकास नको आहे. बरोबर हवं आहे.

आणखी एक विचित्र गोष्ट. टायरच्या कडेला एका लांबट चौकटीत १९१३ असं लिहिलं आहे. चारही टायरांवर तेच. गाडी १९६७ सालची. टायर गाडीपेक्षा चोपन्न वर्षांनी जुने कसे? अनंत घरात कधी काय आणून ठेवेल याचा नेम नव्हता, पण पहिल्या महायुद्धाआधीचे टायर म्हणजे कमाल झाली. हे खरं असेल तर त्या टायरांवर तो वीस-पंचवीस वर्षं फिरला, आणि तुम्ही फिरू दिलंत.

कोणते टायर घ्यावेत ते मुद्देसूद कळवावं.

जयंती गुप्ते

•

गोराई गाव
११ ऑगस्ट २०२५

जयंतीबाई,
सप्रेम नमस्कार.

आधी हॅलोचं सांगतो. माझे कान गेले. आजकालचं नाही, चार वर्षं झाली असतील. पहिलं फोनवरचं गेलं, मग समोरच्याचं. मशीन घातलं की चर्चची घंटा आणि कुकरची शिट्टी एकसारखी वाजते, म्हणून ते कपाटात ठेवलंय. कोणाला सांगितलं नव्हतं. गॅरेजवाल्याचे कान गेले म्हणजे वाटच लागली ना. इंजिन आम्ही कानानेच बघतो. नातीच्या, निकोलच्या, मोबाइलवर मेसेज टाकू नका. ती आधी वाचते आणि मग मला सल्ला देते. पत्रच बरं.

१९१३ वाचून एवढा हसलो की निकोल धावत आली. बाई, ते साल नाही. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. १९१३ म्हणजे २०१३ सालातला एकोणिसावा आठवडा. मे महिना. कुठलाही टायर घ्या, त्याचा जन्म त्याच्या अंगावर असाच लिहिलेला असतो. हे टायर मीच बसवले होते. पण सहा-सात वर्षांत रबर म्हातारं होतं, वरची नक्षी कितीही खोल दिसू दे. तुमचे बारा वर्षांचे झाले. टायरवाला खरं बोलला.

आता माझा एक प्रश्न. गाडी उभी ठेवायची आहे, विकायची आहे, की चालवायची आहे? उभी ठेवायची तर मिळतील ते घाला. विकायची तर काळे चकचकीत दिसतील ते घाला. चालवायची असेल तर कोण चालवणार ते सांगा, मग मी बोलतो.

चारच घ्या. डिकी उघडायची गरज नाही, स्टेपनी चांगली आहे.

अनंतच्या वेळी मी आलो नाही. तुम्ही त्याबद्दल बोलायचं नाही म्हणालात, म्हणून मीपण बोलत नाही.

गिल्बर्ट

•

मुलुंड
२० ऑगस्ट २०२५

गिल्बर्ट,

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. आकडे लिहायचे आणि ते कशाचे आहेत हे लिहायचं नाही, यात चूक लिहिणाऱ्याची. माझ्या विद्यार्थ्याने एककाशिवाय उत्तर लिहिलं तर मी शून्य देत असे.

कान गेल्याचं वाईट वाटलं. मशीन कपाटातून काढा. रोज एक तास घाला, त्याची सवय व्हावी लागते. हा सल्ला नाही, सूचना आहे.

कोण चालवणार याचा टायरशी काय संबंध, ते मला कळलं नाही. पवईचा मुकुल नावाचा तरुण इंजिनीअर गाडी मागायला दोनदा येऊन गेला. सभ्य आहे. बूट बाहेर काढतो. तो म्हणतो, पातळ टायर काढा, रुंद टाका, पकड वाढते. मी म्हटलं, घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. घाटकोपरच्या कॉलेजात तेहतीस वर्षं हेच शिकवलं. त्याला पटल्यासारखं दिसलं नाही. कोण बरोबर?

टायरवाल्याकडे रुंद टायरांखेरीज आणखी दोन प्रकार आहेत. एक विलायतेहून मागवायचे, जुन्या गाड्यांसाठी मुद्दाम बनवलेले. त्याला चार महिने. दुसरे एका साध्या छोट्या मोटारीचे, आमच्या सोसायटीतले लोक भाजी आणायला काढतात तसल्या. साइज म्हणे तोच, एकशे पंचेचाळीस, रिम तेराची. स्पोर्ट्स कारला भाजीच्या गाडीचे टायर? अनंतला काय वाटलं असतं?

सहज विचारते. गिअर कोणता पडला आहे हे खाली न बघता कसं कळतं?

उत्तराला उशीर झाला. मंगळवार-गुरुवारच्या सकाळी मोडतात, आणि डावा गुडघा हल्ली फार धरतो.

आणि हो. स्टेपनी चांगली आहे हे तुम्ही गोराईत बसून कसं सांगता?

जयंती

•

गोराई
२९ ऑगस्ट २०२५

जयंतीबाई,

मुकुल बरोबर आणि तुम्हीपण बरोबर. तुमच्या पुस्तकातलं घर्षण लाकडाचा ठोकळा टेबलावर ओढून काढलेलं. रबराने ते पुस्तक वाचलेलं नाही. रबर रस्त्याच्या खडीत जाऊन बसतं. रुंद टायर जास्त धरतो, हे खरं. पण धरतो, धरतो आणि एकदम सोडतो, काही न सांगता. पातळ टायर आधी कुरकुरतो, जरा सरकतो, स्टिअरिंगमधून हाताला सांगतो, आता पुरे. शिवाय रुंद टायर वळताना आतून मडगार्डला घासणार. ही गाडी पातळ टायरावरच बनलेली आहे. तिला पातळच राहू द्या.

विलायतेचे चांगले, पण विकायचीच आहे तर चार महिने कशाला थांबता? भाजीच्या गाडीचे घ्या. अनंतला काही वाटलं नसतं. २०१३चे पण भाजीच्या गाडीचेच होते. तुम्हाला सांगायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली होती.

टायरवाल्याला बजावून सांगा, चाकं तारांची आहेत, आत ट्यूब लागतेच. तो ट्यूबलेस बसवतो म्हणेल, ऐकू नका. तारांच्या भोकांतून हवा जाते. आणि टायरवरचे आकडे स्वतः वाचा. तीन-तीन वर्षं दुकानात पडलेला माल नवा म्हणून देतात. आता तुम्हाला वाचता येतं.

गिअर डाव्या हाताला कळतो. मुकुलला सांगा, मूठ आवळू नको, हात सैल ठेव, गाडी आपणहून सांगते. तुमच्या गुडघ्याला खोबरेल तेलात कापूर घालून लावा.

विकताय हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी समजलो. रागावलो नाही. तुमची गाडी, तुमची अडचण. फक्त एक सांगतो आणि मग गप्प बसतो. अनंत दर रविवारी मरोळला यायचा. आला की पहिलं डाव्या सीटवरची धूळ पुसायचा. मी म्हणायचो, "अरे, बसत कोण नाही तिथे, पुसून पुसून झिजवशील." तो म्हणायचा, "आजपण विचारलं रे तिला, येतेस का म्हणून. पेपर तपासायचेत म्हणाली." एवढंच. तक्रार नव्हती, बाई. हसत सांगायचा आणि फडकं झटकून ठेवायचा.

मुकुलला गाडी द्याल तेव्हा सांगा, डावी सीट कोरी आहे.

गिल्बर्ट

•

मुलुंड
३० सप्टेंबर २०२५

गिल्बर्ट,

महिनाभर उत्तर दिलं नाही. तुमच्या पत्राचा शेवट वाचून मला लिहिता येईना. लिहिता येत नाही तेव्हा मी कपाटं आवरते. कपाटं संपली, म्हणून गॅरेज आवरायला घेतलं. माझ्या प्रश्नाला तुम्ही बगल दिली होतीत ते लक्षात होतं. तुम्ही 'डिकी उघडायची गरज नाही' असं लिहिलं नसतंत, तर मी ती उघडलीही नसती.

स्टेपनी खरोखरच चांगली आहे. नख रुततं. तिच्यावरचे आकडे ०५२३.

मी तीनदा वाचले, मग घरून भिंग आणून पुन्हा वाचले. २०२३चा पाचवा आठवडा, म्हणजे जानेवारी संपताना. अनंत गेला २० नोव्हेंबर २०२२ ला. अनंत गेल्यावर दहा आठवड्यांनी जन्मलेला टायर अनंतच्या गाडीत कसा? गॅरेजच्या किल्ल्या दोन. एक माझ्या पर्समध्ये असते. दुसरी त्याने तुम्हाला दिली होती.

वॉचमन धोंडिरामला बोलावलं. त्याने आधी शपथेवर सांगितलं की त्याला काही माहीत नाही, आणि लगेच सगळं सांगितलं. मार्च महिना, मंगळवार, मी वाचनालयात. तुम्ही रिक्षातून उतरलात तेव्हा गळ्यात टायर होता. डिकीतलं चाक काढून घेऊन गेलात, तासाभराने परत आलात, डिकी बंद केलीत. मग गाडीपाशी बराच वेळ नुसते उभे होतात. जाताना म्हणालात, "बाईंना सांगू नको."

माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या दर्शनाला जो माणूस येत नाही, तो चार महिन्यांनी माझ्या पाठीमागे येऊन टायर ठेवून जातो. का? वळसे न घेता लिहा. मला तुमच्यावर जो राग आहे त्याला कारण आहे. ते नंतर सांगेन. आधी तुम्ही.

जयंती

•

गोराई
९ ऑक्टोबर २०२५

जयंतीबाई,

तुम्हाला आकडे वाचायला शिकवलं तिथेच चुकलो.

वळसे नाहीत. अनंतने हॉस्पिटलातून मला फोन केला होता, जायच्या तीन दिवस आधी. निकोलने फोन कानाला लावून दिला. आवाज त्याचा आहे एवढं कळलं, शब्द कळेनात. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, "अनंत, मला ऐकू येत नाही रे." नाही म्हणालो. त्याचा श्वास लागत होता, तरी बोलत होता. मध्येच कसं तोडू? आणि खरं सांगू, लाज वाटली. नुसता "हो, हो रे" करत राहिलो. एवढ्या बोलण्यातून एकच शब्द कानाला लागला. स्टेपनी. दोनदा म्हणाला.

मग तो गेला. निघालो होतो, बाई. जेट्टीपर्यंत आलो. मनात आलं, तुम्ही विचाराल, "तुमच्याशी काय बोलला हो तो?" काय सांगणार होतो? मित्र शेवटचं काहीतरी मागतो, मी हो म्हणतो, आणि कशाला हो म्हटलं ते मलाच माहीत नाही. लाँच सुटली, मी उभाच राहिलो.

पण हो म्हटलं होतं, ते तर करायला पाहिजे. स्टेपनीचं काहीतरी आहे एवढं धरून बसलो. ती पण २०१३चीच, दगड झालेली. म्हटलं, त्याला वाटत असेल, हिने कधी कोणाबरोबर गाडी काढली, रस्त्यात पंक्चर झाली, तर मागे धड चाक नाही. भाईंदरहून टायर आणला. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे दिवस होते. खाडी ओलांडताना लाँचवाला म्हणाला, "अंकल, पोहत जाणार काय?" नाक्यावर बसवून घेतला. तुम्हाला भेटायची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून रोज हाच प्रश्न आहे, बरोबर केलं की नाही. तो फोनवर बोलला तेव्हा तुम्ही तिथे होता काय?

गिल्बर्ट

•

मुलुंड
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय गिल्बर्ट,

हे पत्र लिहायला सहा आठवडे लागले. तीनदा फाडलं. गेल्या गुरुवारी वीस तारीख झाली, अनंतला जाऊन तीन वर्षं. आता फाडणार नाही.

हो, मी तिथे होते, पलंगाशेजारच्या खुर्चीवर. फोन मीच लावून दिला होता. तो काय बोलला ते मला शब्दशः आठवतं.

तो म्हणाला, "गिल्बर्ट, ही कोणाकडे काही मागणार नाही, तुला माहीतच आहे. अधूनमधून येऊन बघत जा हिच्याकडे. चार चाकं चालतात तोवर स्टेपनीची कोणाला आठवण नसते. आता तूच आमची स्टेपनी." तुमचं "हो, हो रे" मला खुर्चीपर्यंत ऐकू आलं. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "हो म्हणाला बघ." आणि किती दिवसांनी शांत झोपला.

आणि मग तुम्ही आलाच नाहीत. बाराव्याला नाही, वर्षश्राद्धाला नाही. मला वाटलं, मरणाऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून हो म्हटलंत आणि विसरलात. माझा राग तो होता.

तुम्ही विसरला नव्हतात. जेवढं ऐकू आलं तेवढं पूर्ण केलंत, गळ्यात टायर घालून खाडी ओलांडून. तेहतीस वर्षांत मी कोणाला शंभरपैकी शंभर दिले नाहीत. तुम्हालाही नव्याण्णव देणार होते. ऐकू येत नाही हे सांगायला हवं होतं, म्हणून एक गुण कापला होता. पण तो कापायचा मला अधिकार नाही. रविवारी पेपर असायचे हे खरं, दर रविवारी नसायचे. मला त्या उघड्या, जमिनीलगतच्या गाडीची भीती वाटायची. नवऱ्याला 'मला भीती वाटते' एवढं सांगायचं, तर मी 'पेपर' म्हणत राहिले. तेव्हा तुमचा तो गुण परत करते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. चालवायची आहे. मी चालवणार आहे.

जूनपासून मंगळवारी आणि गुरुवारी ड्रायव्हिंग स्कूलला जाते. शिकवणारी सेलिना तुमच्या उत्तनची आहे. "आंटी, स्टिअरिंगला मिठी मारू नका, ते कुठे पळत नाही," असं मला एकोणसत्तराव्या वर्षी ऐकावं लागलं. गिअरचा प्रश्न माझाच होता. गुडघा क्लचमुळे. लपवलं, कारण नापास झाले असते तर ते तुम्हाला कळायला नको होतं. बारा तारखेला पास झाले. मुकुलला नाही म्हणून सांगितलं. तो नाराज झाला, पण जाताना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "रुंद टायर टाकू नका मग, मॅडम." घर्षणाचं कुठेतरी वाचून आला असावा.

टायर भाजीच्या गाडीचे घेतले, आत ट्यूब घालून. दुकानदाराने आधी काढलेल्यांपैकी दोन टायरांवर शेवटी २२ होतं. परत करायला लावले. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कोणी शिकवलं हे?" मी म्हटलं, गोराईला माझे एक सर आहेत. आता चारही ४०२५ आहेत.

रविवारी, ७ डिसेंबरला सकाळी सातला निघते. ठाणे, घोडबंदर, भाईंदर, उत्तन. सेलिना तिच्या स्कूटरवरून मागे राहणार आहे, माझी तिला परवानगी आहे. तुमच्या शेडमध्ये जागा असेल तर गाडी तिथेच राहील. मी परत लाँचने येईन आणि पुढचा रविवार आला की पुन्हा येईन, दर रविवारी, गाडी चालवायला. डावी सीट पुसली आहे. तिथे तुम्ही बसायचं. माझं चुकलं तर ओरडायचं नाही, हाताने दाखवायचं.

जयंती

•

गोराई
३० नोव्हेंबर २०२५

जयंतीबाई,

पत्र स्वतः तीनदा वाचलं. मग कपाटातून मशीन काढलं, कानात घातलं आणि निकोलला मोठ्याने वाचायला लावलं. घंटा आणि कुकर अजून सारखेच वाजतात. पण 'आता तूच आमची स्टेपनी' हे ऐकू आलं. तिला दोनदा वाचायला लावलं. अनंतपण दोनदाच म्हणाला होता ना.

शेडमधली जाळी आणि नारळ हलवले, जमीन सारवल्यासारखी साफ केली. हवा पुढे बावीस, मागे चोवीस, टायर थंड असताना मोजायची. नवे टायर पहिले शंभर किलोमीटर गुळगुळीत असतात, ब्रेक आधीपासून दाबत या. घोडबंदरला कंटेनरवाले तुम्हाला बघत नाहीत, तुम्ही त्यांना बघायचं. मूठ सैल. घाई करू नका. पंक्चर झालंच तर मागे स्टेपनी आहे.

रविवारी मी चर्चमध्ये सहाची मिस्सा धरतो. आमच्या गल्लीत वळल्यावर हॉर्न वाजवू नका, मशिनीचा काही भरवसा नाही. मी सातपासून रस्त्यावर उभा राहतो.

गिल्बर्ट